बाविसाव्या मजल्यावरची हवा

१२ डिसेंबर, सकाळ
हनोईवर आज सुरेख धुकं. लोक त्याला प्रदूषण म्हणतात. अडाणी. मी फ्लॅट विकतो, बाविसाव्या मजल्यावर राहतो. हवेतलं मला कळतं. धूर खालीच राहतो.
डिएप रात्रभर खोकली. सहा वर्षांच्या पोरीला लाडावलं की असंच होणार. बायकोला, थ्वाला, तसं सुनावलं. ती गप्प. म्हणजे पटलं.

१५ डिसेंबर
दोष सगळा गरिबांचा. नाक्यावरची बाई अजून कोळशाच्या शेगडीवर फोचं, नूडल्सचं सूप उकळते. तक्रार करायला गाडी काढली. स्कूटरवाल्या टोळधाडीमुळे नाक्यापर्यंत पाऊण तास. इंजिन चालूच ठेवलं, एसीशिवाय मला जमत नाही.

१९ डिसेंबर
समोर आमच्याच कंपनीचे नवे टॉवर उठताहेत. खिडकीवर सिमेंटचा थर. थ्वा म्हणाली, अहो, हे तुम्हीच विकलेत ना? म्हटलं, याला प्रगती म्हणतात, पुसून घे.
दुपारी गिऱ्हाईक. बाल्कनीतून तळं दाखवलं. कुठंय, म्हणाला. समोरच, म्हटलं, जरा विश्वास ठेवा. खोकत निघून गेला. भिकारडी माणसं.

२४ डिसेंबर
डॉक्टर म्हणतो, पोरीला हवापालट हवा. त्याचं कुठल्या तरी हॉटेलशी साटंलोटं असणार. हवा शुद्ध करायचं मशीन आणलं. लाल दिवा लागला तो विझेचना. माल खराब. दिव्यावर हिरवी पट्टी चिकटवली. आता ठीक.

२९ डिसेंबर
थ्वा पोरीला घेऊन मोक चाउच्या डोंगरात भावाकडे गेली. जाताना म्हणाली, तुमचं धुकं तुम्ही सांभाळा. मेव्हणा चहा पिकवतो, शेणात वावरतो. चार दिवसांत परत येतील. तिथं लिफ्टसुद्धा नाही.

४ जानेवारी
डिएपचा फोन. बाबा, मी टेकडीवर न थांबता पळत गेले! रागावलो. पडली असतीस तर?
फोन ठेवला आणि खोकल्याची उबळ आली. पोरीकडूनच लागलेली.

१० जानेवारी
मोक चाउ. दोघींना न्यायला आलोय. ठणकावून सांगितलं, सामान बांधा, संध्याकाळी निघायचं. जेवून जरा आडवा होतो.

११ जानेवारी
उठलो तर सकाळ. मेव्हणा म्हणाला, दाजी, रात्री एकदाही खोकला नाहीत. म्हटलं, प्रवासाचा शीण.
मेव्हण्याच्या बायकोनं विचारलं, मग आज निघताय? आज थंडी फार आहे, म्हटलं, उद्या बघू.
तिनं माझी गादी उचलून उन्हात घातली.