फालशाची बाटली आणि वन्संची मूठ

गोत्री, बडोदे
उत्तरायण उलटून आठवडा झाला
(नेमकी तारीख सांगता येत नाही. कॅलेंडर गच्चीवर आहे, त्याचे कारण पुढे येईल.)

ती. नलिनीवन्सं यांना मंदाकिनीचा वाकून नमस्कार. (कंबर वाकली तेवढा कमरेने, उरलेला मनाने.) तुमचा गुडघा काय म्हणतो? मागे पाठवलेले तेल रोज लावता, की बाटली नुसती उशाशी ठेवून तिच्याकडे बघता? इकडे आम्ही दोघेही बरे आहोत. तुमच्या बंधूंची साखर आटोक्यात आहे, माझे दात अजून माझेच आहेत, आणि थंडी यंदा अशी मऊ पडली आहे की दुपारी गच्चीवर गेलेले माणूस खाली यायचे विसरते. हे वाक्य हवापाणी म्हणून लिहिलेले नाही, पुढे ते लागणार आहे.

तुम्ही सोपवलेल्या कामगिरीची हकीकत कळवते. कांचनशी तुम्ही गणपतीत अबोला धरलात, तो संक्रांतीच्या तिळगुळानेही सुटला नाही. एकुलत्या एका लेकीने औषध कंपनीतली बरी नोकरी सोडून पुण्यात बिअर गाळायला घ्यावी, हे कोणत्याही आईला जड जाईल. त्यातून आपले घराणे. आजेसासरे संस्थानच्या आबकारी खात्यात. त्यांनी जन्मभर दारूची मडकी फोडली आणि पणती बसली ती भरत. तुम्ही मला फोनवर बजावलेत, की कार्टी बडोद्याला येतेच आहे तर तिला आजोबांच्या तसबिरीखाली बसव आणि तिचे डोके ठिकाणावर आण. मी अक्षरशः तसेच केले. तसबिरीखाली बसवली. वरून लाल पगडीतले आजोबा डोळे वटारून बघत होते. मी घसा साफ केला, पहिले वाक्य जुळवले, आणि तेवढ्यात तिने पिशवीतून चार बाटल्या काढून आजोबांच्या समोर ओळीने मांडल्या. तसबिरीचा खिळा पक्का होता म्हणून बरे.

घाबरू नका. आम्ही गुजरातेत राहतो आणि कांचन तुमची मुलगी आहे, ती कायद्याबाहेर पाऊल टाकायची नाही. बाटल्यांत दारू नव्हती. मला समजले तसे सांगते. जव भिजवायचे, मोड आणायचे (इथवर उसळच), मग भाजायचे, उकळायचे, हॉप नावाच्या वेलीची कडू फुले घालायची आणि यीस्ट टाकून आंबवायचे. त्यात कांचन आणखी असे भलभलते जिन्नस घालते, की बिअरच्या बापजाद्यांनी पाहिले नसतील. आणि बडोद्यासाठी म्हणून शेवटी तिने यंत्राने त्यातली दारू काढून घेतली होती. बाटलीवर हे मोठे शून्य. दारूबंदीच्या गावात आपल्या माणसांना काय रुचेल ते तिला बघायचे होते. तुमचे बंधू म्हणाले, "म्हणजे लोणी काढलेलं ताक." ती हो म्हणाली. त्यावर ते म्हणाले, "पण ताकात थोडं लोणी राहतंच." पुढचा सगळा घोटाळा या एका वाक्याने केला.

तर आम्ही गच्चीवर गेलो. बाटल्या बर्फाच्या बादलीत, वर उन्हाला आडोसा म्हणून कॅलेंडर, आणि चवीपुरतेच घ्यायचे म्हणून पंचामृताच्या चांदीच्या वाट्या. (नंतर घासून देवघरात ठेवल्या आहेत, तुम्ही काही विचारू नका.) पाण्याच्या टाकीला एक फाटका पतंग अडकलेला होता आणि तो मधूनच कूस बदलल्यासारखा हलत होता. पहिली बाटली कवठाची. आधी नुसता फेस आला, मग कडवटपणा, आणि मग पाहुण्याने जोडे काढून हळूच आत यावे तसे मागून कवठ आले. मी डोळे मिटले. माझ्या माहेरी उंबऱ्यावर कवठ आपटून फोडीत, त्याचा आवाज ऐकू आला. हातात गुळाचा खडा, पायाखाली गार शहाबादी फरशी, आणि आत कुणीतरी माझ्या नावाने हाका मारते आहे, पण मला उठायचे नाही. त्या उंबऱ्यावर मी किती वेळ बसले होते कोण जाणे. डोळे उघडले तेव्हा वाटी रिकामी होती आणि समोर शेजारच्या जशुबेन बसल्या होत्या.

दुसरी पोंकाची. (तुमच्या पुण्याचा हुरडा. पण पोंक म्हटले की तो अधिक कोवळा लागतो.) कांचनने तो मागच्या वर्षी इथून परत जाताना करजणहून नेला होता. तुमच्या बंधूंनी घोट घेतला आणि स्कूटरची गोष्ट काढली. आमचे नवे लग्न झाले होते तेव्हा हे मला स्कूटरवर बसवून करजणला पोंक खायला घेऊन गेले होते. शेतात निखाऱ्यांवर कणसे भाजत होती, धुराने माझ्या डोळ्यांना पाणी आले, आणि यांना वाटले मला घरची आठवण आली. म्हणून परत येताना वाटेत एक अक्षर बोलले नाहीत, फक्त प्रत्येक खड्ड्याला स्कूटर हळू केली. हे मला या गच्चीवर, इतक्या वर्षांनी सांगितले. सांगून झाल्यावर म्हणाले, "मंदा, मला चढली," आणि खाटेवर आडवे झाले. कांचनने शून्य दाखवले, पुन्हा दाखवले. जशुबेन तिलाच समजावू लागल्या, "आथो आव्यो होय एटले थोडुं तो चढे ज ने, बेटा." (आंबवण झाले की थोडी चढणारच, असे. आथो म्हणजे आंबवण. ढोकळ्याच्या पिठालाही त्या आथोच म्हणतात, आणि ढोकळा खाऊन दुपारी झोप येते ती त्यामुळेच, असे त्यांचे पहिल्यापासून मत आहे.) स्वतःचे मत खरे करण्यासाठी त्यांनी दोन वाट्या घेतल्या आणि भिंतीला टेकून ओठातल्या ओठात गरबा म्हणू लागल्या.

तो आवाज खाली गेला आणि सोसायटीचे चेअरमन धनाजीराव वर आले. निवृत्त रेल्वे गार्ड, शिस्तीचे. "वहिनी, सोसायटीत आ बधुं चालणार नाही," म्हणाले. बाटली हात लांब करून वाचली, शून्य पाहिले, आणि निराश झाल्यासारखे वाटले. मग केवळ खात्री करून घेण्यासाठी तिसऱ्या, आंबेहळदीच्या बाटलीतली वाटी घेतली. दुसरी वाटीही खात्रीसाठीच. तिसरीनंतर ते गच्चीच्या कठड्याशी जाऊन उभे राहिले आणि दूर बघत म्हणाले, की आख्खी गाडी पुढे असते आणि गार्ड एकटा मागे. समोर गाव येते ते इतर सगळ्यांना, गार्डला दिसते ते जाणारे गाव. इतकी वर्षे पाण्याच्या मोटारीवरून भांडलो, पण हा माणूस मला कधी असा दिसला नव्हता. (जाताना त्यांनी कांचनला लहरीपुरा बाजारातला ओलसर हिरवा लीला चिवडा घालून बिअर करण्याची सूचना केली. तिने ती गंभीरपणे ऐकली, याची मला काळजी वाटते.)

शेवटची बाटली फालशाची, त्या जांभळ्या आंबटगोड फळांची. उन्हाळ्यात रस काढून ठेवून तिने ती केली होती. वन्सं, आता जरा टेकून बसा. घोट घेतला आणि मी गच्चीवरून थेट आपल्या जुन्या घरात, चैत्रगौरीच्या हळदीकुंकवात जाऊन उभी राहिले. माझा लग्नानंतरचा पहिलाच चैत्र, तुम्ही माहेरपणाला आलेल्या, आणि दरवर्षी पन्हे तेच तेच म्हणून तुम्ही फालशाचे सरबत करायचा हट्ट धरलात. तीन दिवस आधी रस बरणीत भरून फडके बांधून ठेवलात. बडोद्याचा वैशाखाला टेकलेला उन्हाळा! बरणी आपल्या आपण बुडबुडे सोडायला लागली होती, आणि तुम्ही म्हणालात ताजे आहे म्हणून फसफसते. बायकांनी दोन-दोन पेले घेतले. कधी पदर ढळू न देणाऱ्या कमळाबाईंनी आधी गौरीपुढे फुगडी घातली, मग जोडीदारीण दमली म्हणून खांबाशी घातली. बाहेरच्या खोलीत मामंजींना वाटले कुणाच्या तरी अंगात आले, त्यांनी आत नारळ पाठवला. भिंतीवर हेच आजोबा, हीच पगडी. मला आठवते, माझ्या पायाखालची जमीन किंचित वर उचलली गेली होती, आणि तुम्ही कमरेवर हात ठेवून कोपऱ्यात उभ्या राहून हसत होता. तसे हसताना मी तुम्हाला नंतर फारसे पाहिले नाही.

तुमचे बंधू खाटेवर उठून बसले आणि म्हणाले, "हे नलूताईचं आहे." मग म्हणाले, "पण काहीतरी राहिलंय." मलाही तेच वाटत होते. सगळे होते, आंबट, गोड, तुरट, जिभेवर टोचणारे बुडबुडे, पण पेटीची एकच पट्टी मुकी असावी तसे काहीतरी वाजत नव्हते. कांचन म्हणाली, तिलाही माहीत आहे काहीतरी कमी आहे, पण काय ते तिने कितीही वेळा करून सापडत नाही. लहानपणी मामाने तिला ती चैत्रगौर इतक्यांदा सांगितली होती, की कुणी तिला मोठेपणी काय होणार विचारले तर ती मनातल्या मनात ती बरणी बघायची. "आईच्या हातून चुकून झालं ते मला मुद्दाम करून बघायचं होतं, मामी," म्हणाली. मग फोन हातात घेतला, तुमच्या नावापर्यंत गेली आणि फोन पालथा ठेवला. तेव्हा ऊन पिवळे झाले होते, पतंग हलायचा थांबला होता आणि कुणाचीही खाली जायची इच्छा नव्हती.

असो. तुम्ही सांगितलेले सर्व मी तिला नीट समजावले आहे. तिने ते शांतपणे ऐकून घेतले. कामगिरी फत्ते समजावी. गुडघ्याला जपा.

तुमची,
मंदाकिनी

ता. क. शेवटच्या चार वाक्यांपैकी फक्त गुडघ्याचे खरे आहे. मी तिला काहीही समजावलेले नाही. समजावायला तोंड रिकामे लागते.

ता. क. तुमचे बंधू अजून रोज दुपारी गच्चीवर जाऊन खाटेवर पडतात आणि उतरली नाही म्हणतात. मी वाद घालत नाही. कारण ते माझ्याशी स्कूटरवरच्यासारखे हळू बोलतात. ताकातल्या लोण्याचे त्यांचे म्हणणे मलाही हल्ली पटू लागले आहे, आणि तुमच्या अबोल्याकडेही मी तसेच बघते.

ता. क. खरे तर हे पत्र एवढ्याचसाठी. त्या दिवशी फडके बांधण्याआधी तुम्ही बरणीत मूठ उघडलीत ती मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहिली होती. मुठीत काय होते ते दिसले नाही, आणि नव्या सुनेने विचारायचे कसे! ते मला कळवू नका, मी विसरेन. ज्याला लागणार आहे त्याला कळवा. नंबर तोच आहे.

ता. क. अर्थात घाई नाही. मुठीत काय असेल ते कांचन विचारत होती, तेव्हा मी तिला सांगून टाकले, की आईला कशाला त्रास द्यायचा, जिरेच असणार. तिला ते पटले. शनिवारी सकाळी ती पुढचे भांडे चढवते आहे, आणि त्यात मूठभर जिरे घालणार आहे.