माणूस शेवटी येतो

भोसरी, रविवार

ती. आईस जय भीम.

खोली चांगली आहे, डबाही बरा असतो. चाकणच्या कंपनीत मी चिनी दुभाषी म्हणून कायम झाले. तुझे गुडघे कसे आहेत?

चिनीत आपल्यासारखं 'आई, जी वाट बघते' असं म्हणत नाहीत. वर्णन आधी येतं, माणूस शेवटी. काल कंपनीतल्या आमच्या चिनी मॅनेजर लिनबाईंनी विचारलं, "घरी कोण असतं?" मी चिनीत म्हणाले, "दारात बसून माझी वाट बघणारी..." आणि अडखळले.

त्या हसल्या. "माणूस विसरलीस की."

विसरले नव्हते. मी निघाल्यापासून तू फोन उचलत नाहीस. अजून वाट बघतेस का, हे ठाऊक नसताना वाक्य पुरं कसं करू?

एक ओळ लिही.

भांडून निघालेली,
तुझी
आम्रपाली