ट्रेलर मागं घेताना

प्रिय कर्ट,

पाकीट बघून घाबरू नकोस. फोन केला की तू "कामात आहे गं आई" म्हणून ठेवून देतोस, आणि या तळ्यावर फोन लागतो तो फक्त संडासामागच्या टेकाडावर. तिथवर मला सध्या चालवत नाही. का, ते सांगते.

दरवर्षीसारखे आम्ही स्टेट पार्कातल्या आपल्या जागी आलो, पाण्यालगत, दोन पाइनांच्या मध्ये. डास यंदा नुसते पिसाळलेत. शुक्रवारचा तमाशा अजून तसाच: सगळे खुर्च्या टाकून, हातात बिअर घेऊन बसतात आणि नवी माणसं गाडीला जोडलेले राहायचे ट्रेलर झाडांत मागं कसे घेतात ते बघतात. नवरा गाडीत, बायको मागं हातवारे करतेय, आणि बघता बघता प्रकरण घटस्फोटापर्यंत! तुझे बाबा त्यातले राजे. एका दमात ट्रेलर जागेवर बसवायचे आणि मग दुसऱ्यांना शिकवायला धावायचे. "स्टिअरिंग उलटं फिरव रे बाबा, उलटं! ट्रेलर म्हणजे काय माझी आर्लिस आहे, सांगून ऐकायचा नाही?" उभं आयुष्य मी हेच ऐकत आले.

तुला शिकवताना मात्र त्यांचं डोकं फिरलं. चारचौघांत म्हणाले, "हे कार्टं काही कामाचं नाही." तू किल्ली गवतात फेकलीस आणि चालता झालास, तो पुन्हा इकडे फिरकला नाहीस. चूक त्यांचीच होती. पण माफी मागणं या माणसाच्या रक्तातच नाही, त्याला मी तरी काय करू?

हिवाळ्यापासून त्यांचं काहीतरी बिनसलंय. कॉफीचं भांडं कपाटात कपड्यांत सापडतं. डॉक्टरीणबाईंनी डोकं तपासायला घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं, तर काटे वर्तुळाच्या बाहेर काढले आणि वर तिलाच म्हणाले, "पोरी, शाळेत पुन्हा जा." मी हसले. घरी येऊन न्हाणीघरात रडले.

इथं पोचलो त्या दिवशी मी नेहमीसारखी ट्रेलरच्या मागं उभी राहिले. हात वर केला, थांबा म्हणून. ते थांबले नाहीत. मी ओरडले, खुर्च्यांवरचे सगळे उठून ओरडायला लागले, आणि यांनी ॲक्सिलरेटर आणखीच दाबला. ट्रेलर आणि पाइनच्या मध्ये माझा पाय सापडला. हाड मोडलंय. शेजाऱ्यांनी गावात नेऊन प्लास्टर घालून आणलं. सकाळी उठून बाबा प्लास्टरकडे बघतात आणि रोज नव्यानं भडकतात: "कुणी केलं हे? नाव सांग, मान मोडतो त्याची!" मी म्हणते, घसरले हो. कर्ट, मला त्यांची भीती वाटते, आणि त्यांच्यासाठी त्याहून जास्त.

गाडीच्या किल्ल्या मी पॅनकेकच्या पिठात लपवल्यात. शेजारच्या जागेवरचा बेर्गलंड म्हणाला, मी ओढून नेतो तुमचा ट्रेलर घरी. तर बाबा कुऱ्हाड घेऊन दारात उभे राहिले. "माझ्या ट्रेलरला हात लावशील तर याद राख!" मदत करायला येणारा त्यांना चोर वाटतो. पण शिकवा म्हणणाऱ्याला ते आजही नाही म्हणत नाहीत.

म्हणून लिहिते. शनिवारी ये. तू बारा महिने मालाचे ट्रक हाकतोस, आमची पिकअप मागं घेऊन ट्रेलर जोडणं तुला डोळे मिटून जमेल. तरी जमत नाही असं दाखव. "मला शिकवता का?" म्हण. त्यांना मागं नको, बाजूला उभं कर. मुद्दाम चुक. लोक हसतील, हसू दे. ते तुझा उद्धार करतील, तेवढा एकदा गिळ रे माझ्यासाठी. मग गाडी चालवत आम्हाला घरी ने आणि किल्ल्या कायमच्या तुझ्याकडे ठेव, किती का मागेनात. आणि मनाची तयारी करून ये. ते तुला अनोळखी माणसासारखं वागवतील. काल आगटीशी बसल्या बसल्या त्यांनी मला विचारलं, "आर्लिस, आपल्याला मूलबाळ होतं का गं?" मी म्हटलं, आहे ना. मुलगा आहे. शनिवारी येतोय.

वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच आई