फुकटवालीचं ताट

२ ऑक्टोबर, सोमवार

आणि वर रिहाब मलाच म्हणते, आई, तू जुन्या काळातली! जुन्या काळातली काय? मुलीला मागणी आली की मुलाच्या गल्लीत जायचं, वाण्याला विचारायचं, शेजारणींना विचारायचं, पोरगा पितो का, आईवर ओरडतो का. यात जुनं काय आहे? माझ्या आईने केलं, मीही करणार. पण या सैफची गल्ली कुठली, तर म्हणे खेळातली! रिहाब आणि तो संगणकावरच्या खेळात भेटले. दोन वर्षं जोडीने राक्षस मारतायत. तो बिझेर्तचा, आम्ही स्फाक्सचे, मध्ये अर्धा देश. तिकडे माझ्या ओळखीचं कुत्रंसुद्धा नाही. विचारू कुणाला?

मग मी म्हटलं, ठीक आहे, त्या खेळातल्या गावात जाते आणि तिथेच विचारते. रिहाब इतकी हसली की तोंडातला चहा टेबलावर. पण जेवणं झाल्यावर बसवलं तिने मला. बाहुली करायची असते आपली. मी माझ्याइतकीच रुंद कंबर मागितली, मिळाली. गाव छान आहे, खोटं कशाला सांगू. लाल कौलं, बाजार, मधोमध विहीर, आणि रस्ते आमच्या गल्लीपेक्षा स्वच्छ.

भानगड वर्गणीची. दर महिन्याला वर्गणी भरणाऱ्यांना सगळं मोकळं. न भरणारे फुकटवाले. त्यांना करडे कपडे, एवढीशी पिशवी, आणि आपणहून कुणाशी बोलायचं नाही. कुणी आधी बोललं तरच उत्तर. रिहाबची वर्गणी सैफ भरतो. माझीही भरायला निघाला होता. मी सांगितलं, फातिहा वाचून सोयरीक पक्की होईपर्यंत मुलाकडची काडी घेणार नाही.

साक्षरता वर्गाच्या बाई म्हणाल्या होत्या, रोज तीन ओळी लिहा. माझा राग तीन ओळींत मावत नाही, त्याला मी काय करू.

४ ऑक्टोबर, बुधवार

रिहाब कॉलसेंटरला गेली की दुपारी मी खेळात. शी! फुकटवाल्यांना काम काय, तर उंदीर मारून शेपट्या गोळा करायच्या. घरात एक दिसला तर मी खुर्चीवर चढते, आणि इथे पिशवीत ढीग. बरं, माणसं समोरून जातात आणि मला तोंड उघडता येत नाही! मी, नझीहा, जिचा आवाज तिसऱ्या मजल्यावरून मासळीवाल्याला ऐकू जातो!

विहिरीपाशी करड्या कपड्यातले पुष्कळजण नुसते उभे असतात. हलत नाहीत. रिहाब म्हणाली, खेळ सोडून गेलेल्यांच्या बाहुल्या आहेत, लक्ष देऊ नकोस.

बाजाराच्या मागे एक खानावळ आहे. पांढरा ॲप्रन लावलेली बाई चुलीपाशी बसलेली. तिने आपणहून हाक मारली. ये गं बहिणी, उभी का, बस. जीव भांड्यात पडला. ती आधी बोलली म्हणून मला बोलता आलं. तिने ताट वाढलं. मुलुखिया होती, आमचा पाल्याचा रस्सा, काळीकुट्ट, वर बोटभर तेल, आत मांसाचे तुकडे. तिच्याकडे जेवलं की फुकटवालीही पाहुणी होते, आणि पाहुणीला एका ताटामागे एक प्रश्न विचारता येतो. मी सैफचं विचारलं. म्हणाली, गरीब पोरगा, आईपुढे आवाज काढत नाही. मला बरं वाटलं.

वर्गणी नाकारणं वेगळं. बाईमाणसाने पुढे केलेलं ताट ढकलायचं म्हणजे काय? तेवढी मी उद्धट नाही. आणि ताट म्हणजे काही घेणं नव्हे.

७ ऑक्टोबर, शनिवार

दुसरं ताट जेवले. विचारलं, सैफची आधी कुठे सोयरीक ठरली होती का? म्हणाली, दोघी होत्या. अजून घरातच आहेत, अगदी शांत. म्हणजे काय ते विचारायला आणखी ताट हवं. लबाड बाई आहे.

दुसरी गोष्ट. संगणक बंद केला आणि तोंडात मुलुखियाची चव. मी दुपारी पाव आणि चार ऑलिव्ह खाल्लेत, बस! पण टाळूला तेलाचा थर, जाड, थंड, बोटाने खरवडला तर नखात काळं आलं. दात घासले. मग जिभेवर हरीसाची लाल चटणी चोळली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तिखट गेलं, चव राहिली. 

१० ऑक्टोबर, मंगळवार

मासळीबाजारात गेले होते. त्या मेल्या मासळीवाल्याने बोय मांडलेली, डोळे पांढरे पडलेले, कल्ले करडे, माशा घोंघावतायत. त्याच्या सात पिढ्या उद्धरायला मी तोंड उघडलं आणि शब्दच नाही. घसा धरला नव्हता, दुखत नव्हता. नुसता शब्द येईना. उभी राहिले पिशवी घेऊन, त्या विहिरीवरच्या बाहुल्यांसारखी. लोक ढकलून पुढे जात होते. मग त्याचं लक्ष गेलं. म्हणाला, काय लल्ला नझीहा, काय बाईसाहेब, आज शिव्या नाहीत? तब्येत बरी आहे ना? त्याबरोबर बांध फुटल्यासारखी मी बोलले. तो हसत होता. मी नाही हसले.

घरी रिहाब आली. तिने हाक मारेपर्यंत मला तिलाही हाक मारता आली नाही.

११ ऑक्टोबर, बुधवार

गेले. जायला नको होतं, पण गेले. विचारायचंच होतं.

तिसरं ताट. विचारलं, यात मांस कसलं?

म्हणाली, जीभ. मी म्हटलं, मेंढीची ना, आमच्याकडेही ईदला करतात. ती म्हणाली, नाही गं बहिणी. हे विहिरीवरचे कुणाशी बोलत नाहीत, त्यांच्या नुसत्या पडूनच असतात. वाया कशाला घालवायच्या?

आणि वर आणखी एक पळी वाढली.

मोरीत ओकले. काळं पडलं. त्यात तुकडा होता. त्याच्यावर ते बारीक खरखरीत दाणे असतात ना, ते होते. मी चिमट्याने उचलून बघितलं, म्हणून सांगते. खेळ खेळ म्हणतात तो हा? माणसाला असलं खाऊ घालतात?

१२ ऑक्टोबर, गुरुवार

रिहाबने विचारलं, झाली का गं चौकशी? कसा वाटला सैफ?

देवाने संधी दिली. मी तोंड उघडलं, की पोरी, पळ, त्या खानावळीतली बाई आणि हा सैफ, काहीतरी घाण आहे, नाही म्हण. आणि माझ्याच तोंडून माझ्याच आवाजात आलं, सोन्यासारखा मुलगा आहे.

रिहाबने मिठी मारली. माझ्या तोंडात तेल.

ज्याचा पाव आणि मीठ खाल्लं त्याच्याविरुद्ध बोलायचं नाही. मीच शिकवलं पोरीला, माझ्या आईने मला. तीन ताटं जेवले मी त्या बाईकडची. वर्गणी नाकारून मोठा मान राखला म्हणून मिरवत होते. मान गेला खड्ड्यात. जेवायला नको होतं.

हात मात्र अजून माझा आहे. लिहिता येतंय.

१४ ऑक्टोबर, शनिवार

आज ती माणसं आली. सैफ आणि त्याची आई, लल्ला शेदलिया. मिठाई, अत्तर, साखरेचा ठोकळा, रीतीप्रमाणे सगळं. घरच्या बाईने दारात आधी या बसा म्हणायचं असतं. मी दार उघडून उभी. शब्द नाही. दोघं उंबऱ्याबाहेर, रिहाब मागून मला कोपर मारतेय, वरच्या मजल्यावरची बया वाकून बघतेय. लाजेने मेले.

तेव्हा शेदलिया म्हणाली, माझ्याच दारात, मला— ये गं बहिणी, उभी का, बस.

तोच आवाज. खेळात आवाज नसतो, नुसती अक्षरं येतात. तरी तोच.

हातात फडक्यात बांधलेलं पातेलं. सगळ्यांसमोर विचारलं, माझ्या हातचं आवडलं होतं ना? मी म्हटलं, फार आवडलं. रिहाब कौतुकाने बघत होती, की आई किती गोड बोलते!

सैफ देखणा आहे. एक शब्द बोलला नाही. आईने विचारलं की मान हलवायची. रिहाब म्हणते लाजाळू आहे, लिहितो मात्र किती सुंदर. सगळं प्रेम त्यांचं लिहूनच झालं ना.

मग त्याने जांभई दिली. मी समोरच बसले होते. हिरड्या, दात, आणि मागे घशापर्यंत नुसती लाल पोकळी. जीभ नाही. बुडखा तेवढा हलत होता.

रिहाब कॉफी ओतत होती. तिने पाहिलं नाही.

फातिहा शुक्रवारी ठरली. बाप नाही म्हणून आईला विचारतील, मुलगी दिली का? आणि माझं हे तोंड—

जाताना शेदलिया रिहाबला म्हणाली, पातेलं ठेवून जाते, शुक्रवारच्या आत संपव हं, माझी सून म्हणून.

१६ ऑक्टोबर, सोमवार

पातेलं फ्रिजमध्ये. दूध, चीज, टोमॅटो, सगळ्याला वास. रिहाब म्हणते, वास कुठे आहे, उगाच नाक मुरडतेस.

उचलून मोरीकडे नेलं. हात उलटा होईना. वाढलेलं अन्न फेकायचं नाही. हेही मीच मनगटात भिनवलंय. परत ठेवलं. स्वतःचीच किळस येते.

झाकणाखाली हललं काहीतरी. तेल असेल. तेल असं हलत नाही.

ही वही तिच्या हातात दिली. चाळलीसुद्धा नाही. आई, तुझा गृहपाठ मी रात्री बघते. बघितला नाही.

१७ ऑक्टोबर, मंगळवार

पातेलं कमी झालंय. कडेला काळी रेघ, दोन बोटं खाली. मी नाही खाल्लं. मग—

रिहाब दुपारीच घरी आली. कॉलसेंटरवाल्यांनी पाठवलं, हातात त्यांची चिठ्ठी होती. का, ते चिठ्ठीत नव्हतं. मी बोलू शकत नाही तिने बोलल्याशिवाय. ती बोलेना. समोरासमोर बसलो दोघी, जेवणाची ताटं पुढे. मला कळेना, ती चिडलीय, का दमलीय, का तीही माझ्यासारखीच—

बोल गं. एकदा आई म्हण.

१८ ऑक्टोबर, बुधवार

रिहाब, हे तुझ्यासाठी. वही तुझ्या उशीवर उघडी ठेवतेय, आता गृहपाठ म्हणू नकोस. मागची पानं वाच. सगळी. घाण वाटेल, वाटू दे.

शुक्रवारी ते मला विचारतील आणि मी हो म्हणेन. माझं तोंड म्हणेल. तेव्हा माझ्याकडे बघायचं नाही. नाही म्हणायचं ते तुलाच म्हणायचंय, आणि त्याला जीभ लागते.

इथे खाली लिही. खाल्लंस का? किती? चव अजून आहे का तोंडात? खाल्लं नसशील तर बिस्मा मावशीकडे गाबेसला निघ, मला विचारू नकोस, निरोप घेऊ नकोस.

खाल्लं असशील तरी लिही. हात चालतो तोवर. माझा पण जड व्हायला लागलाय, अक्षरं बघ कशी तेलात बुडाल्यासारखी, पानावर डाग पडतोय, मी काही सांडलं नाही—

उद्या गुरुवार. दुपारच्या अजानपर्यंत मला उत्तर हवं. हो किंवा नाही, एक शब्द, पण तुझ्या हाताचा. पान कोरं राहिलं तर मी समजेन की तुझी पण जी