कॅसेटवरची घागर

नाना, परवा एका माणसाचा फोन आला. आमच्या बँडची कॅसेट त्याला कुठल्याशा रद्दीत सापडली आहे आणि आपल्या भागातल्या अशा विसरून गेलेल्या बँडांबद्दल तो काहीतरी लिहितो आहे. त्याने बरंच विचारलं. एवढं लांब गाणं कशाला केलं, सातचा ताल कुठून सुचला, धुळ्याला नेमकं काय झालं. मी आठवेल तसं सांगत गेले. शेवटी तो म्हणाला, "कव्हरवर घागरीच्या शेजारी जमिनीवर काळं काहीतरी दिसतं. ती सावली आहे का?" मी म्हणाले, "हो, सावलीच." फोन ठेवला आणि ही वही काढली. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली. ती सावली नव्हती, हे मी तुम्हालाही कधी सांगितलं नाही.

बँड म्हटल्यावर तुम्हाला आधी लग्नातला आठवला होता. आतेभाऊ गिटार घेऊन मेहरूणच्या आपल्या घरी आला, मागे त्याचे दोन मित्र, एकाकडे ड्रम म्हणून काय काय गोळा केलेलं. मी कॅसिओ वाजवणार होते, कारण हार्मोनियम येणारी घरात मीच. हॉस्टेलवरच्या कुणाच्या तरी कॅसेटी ऐकून आतेभाऊ वेडा झाला होता. "मामा, याला मेटल म्हणतात," तो म्हणाला. तुम्ही विचारलंत, "कोणतं? ओतीव बीड की पोलाद?" तो हसला, पण तुम्ही खरंच विचारत होतात. पंधरा मिनिटं ऐकून तुम्ही उठलात. "गाणं संपत आलं की आवाज द्या, चहा टाकतो." आणि दारातून वळून म्हणालात, "फार सरळ चालतं तुमचं. एक दोन तीन चार, एक दोन तीन चार. कवायत चालल्यासारखं." दुसऱ्या दिवशी तुम्ही आम्हाला डाळ मिलमध्ये नेलंत. तुम्ही तिथले मिस्त्री, पण त्या दिवशी शाळेतल्या मास्तरांसारखे दिसत होतात. मोठी चाळणी हलते आहे, हरभरा नाचतो आहे, सगळ्यांच्या भुवयांवर पिवळी धूळ बसली आहे. "पट्ट्याचा जोड चाकावरून गेला की टक वाजतं. त्या टकपासून पुढच्या टकपर्यंत हिसके मोजा." आम्ही मोजले. सात. ड्रमवाल्याने तिथेच एका पोत्यावर हात मारून बघितलं आणि पुढच्या तिसाव्या मिनिटाला आमचा बँड दुसराच कुठला तरी झाला होता.

मग आई आजारी पडली. किडन्या गेल्या म्हणजे पाणी कमी प्यायचं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. दिवसाला पाच वाट्या. तिचं नाव कोरलेली स्टीलची वाटी तुम्ही त्यासाठी वेगळी काढलीत. ओट्यामागच्या भिंतीवर खडूने रेघ ओढायचात, एका वाटीला एक रेघ. पाचवी रेघ ओढली की आई भिंतीकडे बघायची, तुमच्याकडे नाही. "इथल्या पाण्यात एरवीही डाळ शिजत नाही," ती म्हणायची, "मला माहेरी, असोद्याच्या विहिरीत सोडून द्या." तुम्ही हसायचात आणि तांब्या उचलून माजघरात नेऊन ठेवायचात. मी एकदाही सहावी वाटी दिली नाही. तुम्हीही नाही. ती माघात गेली, आणि तेरावा झाल्यावर तुम्ही ती भिंत पुसलीत.

मी गाणं लिहिलं ते त्यानंतर. कॅसेटची एक अख्खी बाजू, बावीस मिनिटं, मध्ये न थांबता. तहान लागलेली एक बाई आणि तिच्यासमोर मोजून ठेवलेलं पाणी, एवढाच त्याचा विषय. आतेभावाची गिटार त्यात चाळणीसारखी हिसके देत राहते आणि मी कॅसिओवर एकच सूर धरून बसते. "सात वाट्या मोजल्या, आठवी कुणी दिली नाही," अशी ओळ पुन्हा पुन्हा येते. वाट्या पाच होत्या. ताल सातचा होता म्हणून मी सात केल्या. ते लिहिताना मी रडले होते, हे खरं आहे. त्याच वेळी, ही ओळ लोकांना लागेल, असंही मनात आलं होतं. तेही खरं आहे. या दोन्हींत आधी कुठलं आलं, ते मला आजही सांगता येणार नाही.

आखाजी आली, अक्षय्य तृतीया. गेलेल्या माणसासाठी भरायची पहिल्या वर्षीची घागर. तुम्ही पहाटे सायकलला कॅन बांधून असोद्याला गेलात आणि त्या विहिरीचं पाणी घेऊन उन्हं चढायच्या आत परत आलात. सदऱ्याची पाठ भिजून काळी झाली होती. तांबडी घागर पाटावर ठेवलीत, काठोकाठ भरलीत, वर आंबा आणि खरबूज ठेवलं, शेजारी तिची वाटी ठेवलीत. वाटीही भरलीत. चुलीतल्या निखाऱ्यांवर तिच्या नावाने घास टाकलात. जेवून तुम्ही बाहेरच्या खोलीत आडवे झालात. मी कपाटातला कॅमेरा काढला. कॅसेटच्या कव्हरवर काय घालायचं यावर आम्ही महिनाभर भांडत होतो. कवटी, कावळा, तडकलेलं शेत, सगळं दुसऱ्यांचं वाटत होतं. आणि हे समोर होतं. स्वयंपाकघरात उजेड पुरत नव्हता. मी घागर कवटाळून मागच्या दारातल्या उन्हाच्या पट्ट्यात न्यायला निघाले आणि उंबऱ्याजवळ ती कलली. फुटली नाही. पण पाणी गेलं. किती वेळ भळभळत होतं कोण जाणे, मी नुसती बघत होते. फरशीवरून मोरीकडे, तिथून बाहेर. आंबा गडगडत ओट्याखाली गेला. नळ आलेला होता. मी नळाखाली धरून घागर भरली, दारातल्या उन्हात ठेवली, शेजारी वाटी आणून ठेवली, आंबा धुऊन वर ठेवला, आणि फोटो काढले. हो, त्यानंतरही काढले. वैशाखातलं ऊन, फरशी दहा मिनिटांत वाळली. घागर आणि वाटी पाटावर नेऊन ठेवली तेव्हा तुम्ही घोरत होतात.

धुळ्याच्या एका कॉलेजच्या गॅदरिंगला आम्हाला बोलावलं होतं. स्टेजच्या मागचा पडदा रंगवायला आतेभावाने फोटो तिथल्याच एका पेंटरकडे दिला. फोटो काळा-पांढरा. पेंटर इमानी माणूस, होतं तेवढं सगळं त्याने रंगवलं. वाटीवरची अक्षरं फोटोत जेमतेम दिसत होती, ती त्याने दुकानाच्या पाटीसारखी ठसठशीत काढली. आणि घागरीच्या बुडाशी ओली फरशी होती, ती त्याला रक्त वाटली. असलं वाजवणाऱ्या पोरांना हेच हवं असणार असं समजून त्याने तांबडा रंग सढळ हाताने वापरला. पडदा उलगडल्यावर आतेभाऊ ओरडला, "भारी!" मला तेव्हाच थांबवता आलं असतं. पण ते रक्त नाही म्हणायचं तर मग काय आहे, ते सांगावं लागलं असतं.

तुम्ही एसटीने आला होतात, मामांच्या शेजारी दुसऱ्या रांगेत बसला होतात. आईच्या भावाला तुम्हीच आग्रह करून आणलं होतं. पडदा उघडला. दोन-तीन मिनिटं नीट गेली. मग मागून एक आवाज आला, "अरे, घागर कोणाची मारली यांनी?" हशा. "आत्मा बोलावताय का रे?" "नाव वाचा, नाव लिहिलंय वाटीवर!" आणि कुणीतरी आईचं नाव खणखणीत वाचलं. मग सगळ्यांनीच वाचलं, टाळ्यांच्या ठेक्यावर, चारच्या ठेक्यावर. वीज बंद केली गेली तेव्हा गाणं आठव्या मिनिटाला होतं.

प्राचार्यांच्या खोलीत पडदा जमिनीवर पसरला होता. मृताची विटंबना, परदेशी भुताटकी, तुमच्या कॉलेजला पत्र जाईल, परीक्षा विसरा. ते बरंच बोलले. त्यांचं सगळंच चुकत होतं असं मला आता वाटत नाही. पुढे पेपरात पत्रं आली, त्यांतही हेच होतं. प्राचार्यांनी कॅसेट तुमच्या हातात दिली. "घरच्यांची संमती होती का, एवढंच सांगा." तुम्ही चष्मा काढलात, कव्हर डोळ्यांजवळ नेलंत आणि पुष्कळ वेळ बघत राहिलात. नंतर कागद मागून लिहिलंत: घागरीचे छायाचित्र माझ्या संमतीने काढले व वापरले आहे. खाली सही. उद्या बदलायचं बेअरिंग आज बदललं असं मिलच्या वहीत कधी न लिहिणारा माणूस. मामा दारात उभे होते. "दाजी, हाई मनी बहिननं नाव शे. तुमले माहीत व्हतं?" तुम्ही म्हणालात, "होतं." "मंग तुमना मना संबंध सरना." ते परत कधी आपल्या घरी आले नाहीत. तुमच्या दहाव्यालाही नाही.

परतताना पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा तुम्ही मला चहा आणून दिलात. घरी पोचलो. स्वयंपाकघरात, त्या पुसलेल्या भिंतीजवळ, तुम्ही म्हणालात, "ती तुझी आई होती. फोटो काढायचा हक्क तुला होता की नव्हता, मला ठरवता येत नाही. पण घागर मी भरली होती." माझं तोंड उघडलं होतं. मी बोलणार होते, नाना. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "आणि वाट्या पाच होत्या. सात नाही." मग मी सात कशा झाल्या तेच समजावत बसले.

बँड तिथेच संपला. आतेभाऊ नोकरीला लागला, आता विषय काढला तर "बच्चेपणा होता" म्हणून हसतो. मी मात्र त्या चष्मा काढण्यावर अडकून आहे. मशीन बंद असली तरी खालचा डाग बघून गळती कुठली ते तुम्ही सांगायचात. ज्या कव्हरवर बाकीच्यांना रक्त नाहीतर सावली दिसली, तिथे तुम्हाला काय दिसलं असेल? आणि ते दिसल्यावर तुम्ही सही केलीत, की न दिसताच? पुढच्या आखाजीला तुम्ही पुन्हा असोद्याहून कॅन आणलात आणि रिकामी घागर माझ्यासमोर ठेवलीत. "यंदा तू भर." मी भरायला वाकले तेव्हा म्हणालात, "हळू वं. सांडू नको." कुणीही म्हणेल असंच वाक्य आहे. मी वर बघितलं नाही.

एक मात्र राहिलं. त्याच सकाळी, घागर भरायच्या आधी, तुम्ही आंघोळीला गेला होतात तेव्हा मी त्या कॅनमधलं पाणी आईच्या वाटीत ओतून प्यायले होते. पूर्ण वाटी. आदल्या वर्षी काय सांडलं होतं ते मला कळून घ्यायचं होतं. ते आपल्या नळाच्या पाण्यासारखंच लागलं, नाना. मला काही फरक कळला नाही.