हालचाल नसल्यास बंद

३ फेब्रुवारी

आज रुजू झाले. खिडकीजवळची जागा मिळाली, खुर्ची करकरत नाही आणि चहाचं यंत्र पाठीमागेच आहे. म्हणजे पहिल्याच दिवशी पाचही बोटं तुपात. राहायची खोली लाँड्रीच्या वर आहे, त्यामुळे फरशी सकाळपासून कोमट असते. आईला फोनवर हे सांगितलं, तर म्हणाली, आता तरी इस्त्रीचे कपडे घालत जा. दादा मागे काहीतरी खात हसत होता.

आमची कंपनी मोठ्या इमारतींचे पाण्याचे पंप चालवणारं सॉफ्टवेअर बनवते. प्रोग्रामर लोकांचा कोड एका ॲपमध्ये असतो, त्याला इथे सगळे ‘कोठार’ म्हणतात. तपासणीला लागणारी कागदपत्रं दुसऱ्या ॲपमध्ये, ते ‘कपाट’. कोठारात काही बदललं की कपाटात त्याचं टिपण जायला हवं. आजवर ते कुणीतरी हाताने नेऊन ठेवायचं, म्हणजे बहुधा ठेवायचंच नाही. मला ही दोन्ही जोडायची आहेत, तीही कोडची एक ओळ न लिहिता. त्यासाठी तिसरं एक टूल आहे. त्यात चौकोन मांडायचे, बाण काढायचे: हे झालं तर ते कर. आमच्या विभागप्रमुख मोठ्या बाई म्हणाल्या, भरतकाम येत असेल तर हेही जमेल. मला भरतकाम येत नाही, पण मान हलवली.

६ फेब्रुवारी

डोक्याचं भजं झालं आहे. कोठारात बदल झाला की कपाटात टिपण जातं, इथवर ठीक. पण टिपण गेलं की कोठाराला तोही बदलच वाटतो, मग त्याचं आणखी एक टिपण. जेवून येईपर्यंत फोल्डरच्या पोटात फोल्डर, त्याच्या पोटात फोल्डर. समोर बसणारा प्रोग्रामर बंद खोलीतही लोकरीची टोपी घालतो, म्हणून तो टोपीवाला. तो येऊन बघून गेला आणि म्हणाला, “तुम्ही कुत्र्याला त्याचंच शेपूट दाखवलंय.” मदत मात्र शून्य.

मदत केली मौनीने. ती टेस्टर, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणारी, शेजारच्या टेबलावर बसते. कुणाशी बोलत नाही, मेसेजला उत्तर देत नाही. उठून आली, माझ्या पडद्यावरच्या एका बाणावर बोट ठेवलं आणि परत जाऊन बसली. बाण उलटा होता. मी तिला चहा नेऊन दिला, तेव्हा कपाच्या आडून हसली.

११ फेब्रुवारी

चाललं एकदाचं. लगेच मोठ्या बाईंना दुसरं सुचलं: वर्षानुवर्षांची जुनी तिकिटं, म्हणजे तक्रारींच्या आणि कामांच्या नोंदी, पडून आहेत, ती आवरा. एकेक बंद करत बसले तर म्हातारी होईन, म्हणून नियम घातला: ज्यात महिनाभर हालचाल नाही, ते बंद करून जुन्यात टाक. टूलने विचारलं, नियम कुठे लागू करायचा? भलीमोठी यादी होती. खुणा करून बोटं दुखायला लागली, तेव्हा शेवटचा पर्याय निवडला: ‘सर्वत्र’. संध्याकाळी पडदा धुतल्यासारखा स्वच्छ. बाई खूश.

१७ फेब्रुवारी

जिन्यापलीकडे मोडक्या खुर्च्यांची खोली होती. तिथून संगणकाच्या पडद्याखाली ठेवायला एखादी फळी आणावी म्हणून गेले, तर खोली नाही. सपाट भिंत, रंगसुद्धा जुनाच. टोपीवाला म्हणाला, मजला चुकला असेल. सगळे मजले चढून आले. पायांचे तुकडे पडले आणि वर हसू झालं ते वेगळंच.

शिवाय माझ्या नियमात कुणीतरी ढवळाढवळ केली आहे. ‘महिनाभर’चं ‘आठवडाभर’ झालंय. टूलच्या मदतकेंद्राला विचारलं. उत्तर आलं, कृपया बाहेर पडून पुन्हा आत या.

२४ फेब्रुवारी

मौनी आजारी होती, आठवडाभर आली नव्हती. आज पाहते तर तिचं टेबलच नाही. माझं टेबल सरळ भिंतीला लागून आहे, मध्ये फटही नाही. मोठ्या बाईंना विचारलं. म्हणाल्या, “आपल्याकडे टेस्टर कधी होती? असती तर तुमच्या मागे एवढं काम लागलं असतं का?”

टूल उघडलं. नियमाने आज काय केलं, ते तिथे दिसतं. मौनीचं नाव होतं. पुढे: बंद. कारण: हालचाल नाही.

आठवडाभर तिला कुणीच फोन केला नाही. मीही नाही.

२५ फेब्रुवारी

नियम काढता येत नाही. बटण फिकं पडलंय, दाबलं की येतं: ‘नियम वापरात आहे.’ मदतकेंद्र म्हणतं, तुमच्या खात्यात असा नियमच नाही. तीनदा समजावलं. शेवटी त्यांनी विचारलं, आमच्या सेवेला किती तारे द्याल? फोन भिंतीवर आपटावासा वाटला.

टोपीवाल्याला ओढून आणून पडदा दाखवला. त्याला कोरं पान दिसतं. म्हणाला, घरी जा, झोप काढा.

आता ‘आठवडाभर’ नाही. ‘तीन दिवस.’

२६ फेब्रुवारी

आईला फोन सकाळी केला, दुपारी केला. वैतागली. मग आठवलं, इथे आल्यापासून दादाशी मी एकदाही बोललेले नाही. तो नेहमी मागेच असतो, हसत नाहीतर चिडवत. म्हटलं, आई, दादाला दे जरा.

ती म्हणाली, “कुणाला देऊ?”

मी म्हटलं, दादाला, तुझ्या मुलाला. तिने इतक्या मायेने विचारलं, बाळा, बरं नाही का तुला. म्हणाली, तू माझी एकुलती एक.

मी कपाळावर हात मारून घेतला. दादा माझ्याहून मोठा. सायकल त्याने शिकवली मला. हनुवटीवर टाके आहेत ते त्याच—

हनुवटीवर काही नाही.

२७ फेब्रुवारी

युक्ती केली. नवा चौकोन, नवा बाण: माझ्या ओळखीच्या सगळ्यांना सकाळ-संध्याकाळ आपोआप मेसेज. ‘कसे आहात?’ सगळ्यांची हालचाल होत राहील.

टूलने ओळ दाखवली: ‘आपोआप झालेली हालचाल धरली जात नाही.’

मग हातानेच. मावशी, मामा, शाळेतल्या मैत्रिणी, लाँड्रीवाला. मावशी म्हणाली, काम नाही का तुला. एक मैत्रीण उचलतच नाही. उचल ग. उचल.

१ मार्च

‘एक दिवस.’

टोपीवाल्याची खुर्ची नाही. सकाळी त्याच्याशी बोलायचं राहिलं. आईशी बोलत होते.

फोनमधली नावं कमी झाली आहेत. कुठली गेली ते सांगता येत नाही. मामा होते का मला? वर लिहिलंय, म्हणजे असावेत.

२ मार्च

मोठ्या बाई शेजारून गेल्या. मी हाक मारली. थांबल्या नाहीत.

सगळ्यांना फोन मीच करते. मला कुणी केला? आठवून पाहिलं. रुजू झाल्यापासून एकानेही—

कार्डाने दार उघडलं नाही. एका माणसाच्या मागून आत शिरले. त्याने दार माझ्यासाठी धरलं नाही.

३ मार्च

‘एक तास.’

आता फक्त आई. फोन खांद्याने कानाशी धरलाय, हाताने लिहितेय. ती म्हणाली, दुपारची जरा पडते ग, ठेव आता. मी म्हटलं, ठेवू नकोस. उशाशी ठेव. काहीतरी विचार मला. काहीही. जेवलीस का विचार—

झोपली. श्वास ऐकू येतोय. मी बोलतच आहे—

तास उलटून गेल्यावर उठली. हालचाल ऐकू येतेय. फोन उचलला तिने. आई, मी आहे. मीच.

ती विचारते आहे, कोण बोलतंय.

मी म्हटलं, अगं मी. ती म्हणाली, मी म्हणजे कोण, नाव सांगा. रागावलेली नाही, परक्या माणसाशी बोलावं तशी बोलते आहे. नाव सांगितलं की ओळखेल. सांगते. माझं नाव—