चष्म्याएवढी जास्त पोटगी

१२ मार्च, दुपार

प्रिय आई,

नमस्कार. आधी ‘तीर्थरूप’ लिहिलं होतं, पण तसं वाचलं की आपला फोटो भिंतीवर लागल्यासारखं वाटतं असं तुम्ही म्हणता, म्हणून कागद बदलला. आम्ही दोघी मजेत. लॉन्ड्रीत नवीन मशीन आलंय. हॉटेलच्या चादरी आपोआप घड्या होऊन बाहेर पडतात आणि आम्ही सगळ्याजणी त्याच्यापुढे पाहुण्यांसारख्या उभ्या असतो. ठकीचा पुढचा दात पडला, तेव्हापासून ती खिंडार दाखवत गावभर हसते आहे.

तुम्ही शिवलेला निळा फ्रॉक मिळाला. ठकी दिवसभर मिरवली आणि संध्याकाळी तक्रार घेऊन आली की खिशात हात जात नाही. बघते तर खिशाचं तोंडही शिवलेलं. मी उसवून दिलं. पण आई, तुमच्या हातून असं व्हावं? माझी एक बाही सूतभर आखूड आहे हे तुम्ही दारातूनच ओळखलं होतं.

असो. इकडचं तिकडचं पुरे झालं.

तुमचा मुलगा आणि मी वेगळे झाल्यापासून ठकीची पोटगी दर महिन्याला अगदी वेळेवर येते. शंका तेव्हाच यायला हवी होती. स्वतःच्या लग्नाला उशिरा पोचलेला माणूस अचानक इतका शिस्तीचा कसा झाला? मला वाटलं, सुधारला. जरा रागही आला, की माझ्याबरोबर राहत होता तेव्हा काय झालं होतं. मग ठकीचा चष्मा फुटला. ते तिने फोनवर फक्त तुम्हाला सांगितलं, बाबाला सांगायचं नाही अशी शपथ घालून. आणि त्या महिन्यात पोटगी बरोबर चष्म्याएवढी जास्त आली. आई, लपवायचं तर नीट तरी लपवायचं.

तो आता कामाला आहे त्या गॅरेजवर मी गेले. तो बसखाली आडवा होता, नुसते पाय दिसत होते, म्हणून मी पायांशीच बोलायला सुरुवात केली. मग त्याने खालूनच सगळं सांगितलं. त्याची नोकरी गेली तेव्हा त्याच्या नावाने तुम्ही पैसे भरलेत. पुढे हे काम लागलं, तरी तुम्ही थांबला नाहीत आणि त्यानेही थांबवलं नाही. तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन त्यापायी दोनदा पुढे गेलं, हेही तेव्हाच कळलं.

“आई म्हणाली, तू आधी सावर, पोरीचं मी बघते,” तो म्हणाला.

“सावरलास ना? मग आता तिच्या डोळ्यांचं कोण बघणार?”

त्यावर तो बाहेर आला. तोंड ऑइलने इतकं बरबटलं होतं की शरमला की नाही ते कळलं नाही. पण हात पुसून मुकाट्याने माझ्याबरोबर गॅरेजच्या ऑफिसात आला आणि सही केली. यापुढे पोटगी त्याच्या पगारातून परस्पर कापली जाईल. तुम्ही त्याला रागावू नका, माझं रागावून झालं आहे. मनाने वाईट नाही तो, कुणीतरी सांभाळून घेईल याची सवय झाली आहे त्याला. ती सवय तुम्ही आणि मी मिळूनच लावली.

तेव्हा आता एक पैसाही पाठवायचा नाही. पैसे थांबले की ठकी दुरावेल, अशी भीती तुम्हाला वाटत असणार. तसलीच भीती मलाही होती, म्हणून हे पत्र लिहायला इतके दिवस लागले. मला आई आठवत नाही. तुम्ही दुरावलात तर माझ्यापाशी हक्काने रागावणारं कुणी उरणार नाही.

आमच्या घरामागे डोळ्यांचा दवाखाना आहे. काल जाऊन तुमच्यासाठी वेळ घेतली. पलंग खिडकीशी सरकवलाय, ठकी माझ्याजवळ झोपेल. रविवारी न्यायला येते. शिलाई मशीन आणायचं नाही.

दवाखान्यातल्या माणसाने विचारलं, पेशंट कोण? म्हटलं, सासू. मग नवऱ्याला सहीला आणा म्हणाला. मी म्हटलं, नवरा नाही, आम्ही वेगळे झालोत. त्याने पेन खाली ठेवलं. “मग बाई, सासू कुठली?”

“ती माझी आहे,” मी म्हटलं.

तुमची,
सून